इंग्रजी क्रियापदाचा उरलेला प्रत्यय

इंग्रजी भाषेचा अभ्यास आरंभिणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी जो नियम सांगण्यात येतो, तोच नियम पुढे पदवीपरीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही त्याच्या हातून मोडलेला आढळतो, ही गोष्ट अध्यापनाचा व्यवसाय करणाऱ्या कोणासही अपरिचित नाही. ‘आय गो, यू गो, वुई गो, दे गो’ इथवर सर्व सुरळीत चालते. परंतु ‘ही’ किंवा ‘शी’ पुढे आली की ‘गो’चे ‘गोज’ करावे लागते. बाकी सर्वत्र क्रियापद उघडे, आणि तृतीय पुरुषी एकवचनात मात्र त्याच्या अंगावर एक प्रत्यय! भूतकाळात तर तोही नाही. ‘आय वेंट’ आणि ‘ही वेंट’ सारखेच. असे का, म्हणून एखाद्या चौकस मुलाने विचारले, तर ‘व्याकरणात तसे आहे’ याहून अधिक उत्तर त्यास सहसा मिळत नाही. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. आणि ते अपुरे असल्यामुळेच आपल्या सुशिक्षित समाजात या एका प्रत्ययास जे स्थान मिळाले आहे, ते त्याच्या योग्यतेहून फार मोठे आहे. ज्याच्या तोंडी ‘ही गो’ असे निघाले, त्याची बुद्धीच उणी, असे आपण मनातल्या मनात ठरवून टाकतो. सबब या प्रत्ययाची कुळकथा एकदा नीट पाहावी, असे आम्ही योजिले आहे.

या कथेचा आरंभ इंग्लंडात नाही. कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे २ फेब्रुवारी १७८६ रोजी सर विल्यम जोन्स यांनी जे व्याख्यान दिले, त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे धातू व व्याकरणरूपे यांतील साम्य केवळ योगायोगाचे नसून त्या एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असे त्यांनी प्रतिपादन केले. पुढील शतकात जर्मन व डॅनिश पंडितांनी हे अनुमान शास्त्रपदास पोहोचविले, आणि इंग्रजी हीही त्याच कुळातील एका शाखेची लेक आहे हे सिद्ध झाले. आपल्या वाचकांस याची प्रचीती घरबसल्या घेता येईल. इंग्रजीतील ‘असणे’ या अर्थाचे क्रियापद वरकरणी मोठे विक्षिप्त दिसते : ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘बी’, ‘वॉज’ ही सर्व एकाच क्रियापदाची रूपे, असे सांगितल्यास विद्यार्थी हसतो. परंतु यांतील ‘अ‍ॅम’ व ‘इज’ ही संस्कृत ‘अस्’ धातूची भावंडे, ‘बी’ हे ‘भू’चे, आणि ‘वॉज’ हे ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूचे. हे तिन्ही धातू मराठीत ‘असणे’, ‘होणे’ आणि ‘वसणे’ या रूपांनी आजही निरनिराळे नांदत आहेत. इंग्रजीने त्यांचा एकच संसार करून टाकला, एवढाच काय तो फरक.

प्रत्ययांचीही गोष्ट अशीच. संस्कृतात ‘भरति’ म्हणजे तो वाहून नेतो. याच मूळ धातूपासून इंग्रजीत ‘बेअर’ हे क्रियापद आले, आणि त्याचे तृतीय पुरुषी एकवचन जुन्या इंग्रजीत ‘-थ’ या प्रत्ययाने होत असे. सतराव्या शतकातील ग्रंथांत ‘बेअरेथ’ असे जे रूप भेटते, त्यातील ‘थ’ हा आपल्या ‘भरति’तील ‘ति’चाच सख्खा नातलग होय. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात धरावी : कुळाने जुना असलेला प्रत्यय ‘थ’ हा आहे, आज ज्याचा एवढा दरारा आहे तो ‘स’ नव्हे.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन इत्यादी जमाती समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये आल्या. त्यांच्या भाषेत क्रियापद बरेच सजलेले होते. ‘गाणे’ या अर्थी उत्तम पुरुषात ‘सिंगे’, द्वितीय पुरुषात ‘सिंगेस्त’, तृतीय पुरुषात ‘सिंगेथ’ आणि अनेकवचनात सर्व पुरुषांना मिळून ‘सिंगाथ’ अशी रूपे होत. भूतकाळातही वचनभेद असे; ‘त्याने गाइले’ येथे ‘सांग’, तर ‘त्यांनी गाइले’ येथे ‘सुंगोन’ असा स्वरच पालटे. या भूतकालीन वचनभेदाचा आज एकच अवशेष उरला आहे, तो म्हणजे ‘वॉज’ आणि ‘वेअर’ ही जोडी. बाकी हजारो क्रियापदांनी तो टाकून दिला. काळ मात्र या भाषेत प्रत्ययांनी होणारे दोनच होते, वर्तमान आणि भूत. भविष्यासाठी वेगळे रूप नव्हते. ‘मी उद्या येतो’ असे मराठीत आपण जसे वर्तमानकाळाने बोलतो, तसेच ते लोक बोलत.

मग ही संपत्ती गेली कोठे? एक कारण त्या भाषेच्या उच्चारातच होते. जर्मानिक भाषांत शब्दाच्या आरंभीच्या अवयवावर जोर येतो. त्यामुळे शेवटचे अवयव पुसट होत जातात, आणि प्रत्यय तर शेवटीच राहतात. दुसरे कारण इतिहासाने पुरविले. ७९३ मध्ये लिंडिसफार्न बेटावरील मठावर उत्तरेकडील समुद्रसंचारी लोकांची धाड आली, आणि पुढील शतकात त्यांनी इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत कायमची वस्ती केली. त्यांची नॉर्स भाषा आणि इंग्रजी या चुलत बहिणी होत्या. दोहींचे धातू सारखे, प्रत्यय निराळे. बाजारात, शेताच्या बांधावर, लग्नसंबंधात अशा दोन भाषा एकत्र आल्या म्हणजे धातू टिकतात आणि प्रत्यय ढिले होतात, असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. ‘दे’, ‘देअर’, ‘देम’ ही अत्यंत घरगुती सर्वनामे इंग्रजीने या नॉर्स शेजाऱ्यांपासूनच उचलली, यावरून तो शेजार किती निकटचा होता हे दिसून येईल. त्यानंतर १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, दरबारची भाषा फ्रेंच झाली, आणि सुमारे तीन शतके इंग्रजीस प्रतिष्ठित लेखनाचा लगाम असा राहिला नाही. ज्या भाषेस शिष्ट मंडळी वाऱ्यावर सोडतात, ती आपल्या स्वभावाप्रमाणे वाढते वा झडते. इंग्रजी झडली आणि वाढलीही.

चौदाव्या शतकात पाहावे, तर इंग्लंडच्या तीन भागांत क्रियापदाच्या तीन तऱ्हा होत्या. दक्षिणेत एकवचनी व अनेकवचनी दोन्हीकडे ‘-थ’ चाले. मध्यभागी एकवचनात ‘-थ’ आणि अनेकवचनात ‘-एन’ असे. आणि उत्तरेत दोन्हीकडे ‘-स’. हा उत्तरेकडील ‘स’ दहाव्या शतकापासून आढळतो. लिंडिसफार्न येथील लॅटिन शुभवर्तमानांच्या प्रसिद्ध हस्तलिखितात आल्ड्रेड नावाच्या धर्मोपदेशकाने त्या शतकात ओळींच्या मधून आपल्या बोलीत जे अर्थ लिहून ठेविले, त्यांत ‘थ’ आणि ‘स’ ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी दिसतात. तो कोठून आला याविषयी पंडितांत मतभेद आहेत. परंतु लंडनच्या दृष्टीने तो गावंढळ होता, याविषयी मतभेद नाही. याचा पुरावा खुद्द चॉसर कवी देतो. १४०० मध्ये निवर्तलेल्या या कवीने स्वतःच्या काव्यात ‘-थ’चीच रूपे वापरिली आहेत, मात्र ‘कँटरबरी टेल्स’ या काव्यातील रीव्हच्या कथेत केंब्रिजचे दोन उत्तरदेशीय विद्यार्थी त्याने आणिले, आणि त्यांच्या तोंडी त्यांची बोली हुबेहूब दाखविण्यासाठी ‘-स’ची रूपे घातली. म्हणजे लंडनच्या वाचकाने जे ऐकून हसावे, ते रूप आज जगातील प्रत्येक शाळेत शुद्ध म्हणून शिकविले जात आहे!

हा विजय कोणी फर्मान काढून झाला नाही. उत्तरेकडील लोक पोटापाण्यासाठी लंडनात येत राहिले. त्यांची बोली कानांवरून जात राहिली. आणि सोळाव्या शतकात ‘-स’ हा बोलण्यात व खासगी पत्रांत शिरला. राणी एलिझाबेथच्या पत्रांत तो दिसतो. त्या काळच्या पत्रव्यवहाराचा अलीकडे जो सूक्ष्म अभ्यास झाला आहे, त्यावरून असेही आढळले आहे, की हे नवे रूप स्वीकारण्यात स्त्रिया पुरुषांच्या पुढे होत्या. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘थ’ आणि ‘स’ दोन्ही सुखाने नांदतात. ओळीत एक अवयव अधिक हवा असेल तर ‘थ’, कमी हवा असेल तर ‘स’, अशी सोयही कवीस त्यामुळे झाली. उलट १६११ च्या अधिकृत बायबलात सर्वत्र ‘-थ’च आहे, कारण त्या भाषांतरकारांनी सुमारे पंच्याऐंशी वर्षांपूर्वीच्या टिंडेलच्या भाषेचा पदर धरिला होता, आणि धर्मग्रंथाची भाषा ही नेहमीच चालू भाषेच्या मागून चालते. पुढे १६४३ मध्ये रिचर्ड हॉजिस या वर्णलेखनकाराने नमूद केले आहे, की लोक लिहिताना ‘-थ’ लिहितात, पण वाचताना व बोलताना ‘-स’ म्हणतात. लेखणी मागे आणि जीभ पुढे, असा हा प्रकार होता. अखेरीस लेखणीने हार खाल्ली. ‘हॅथ’ आणि ‘डथ’ एवढी दोन रूपे अठराव्या शतकापर्यंत कशीबशी तग धरून राहिली.

अनेकवचनी ‘-एन’ची गत याहून वाईट झाली; त्याची जागा घेण्यास कोणीच आले नाही. नाटककार बेन जॉन्सन याच्या इंग्रजी व्याकरणात, जे त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले, या हरवलेल्या प्रत्ययाविषयी हळहळ व्यक्त केलेली आहे. आठव्या हेन्रीच्या राज्यापर्यंत तो चालत होता, तो पुन्हा चालू करण्याचे धाडस आपण करीत नाही, परंतु त्याच्या अभावी भाषा लंगडी झाली, असे त्याचे म्हणणे. भाषा लंगडली नाही. अनेकवचन दाखविण्याचे काम नाम व सर्वनाम करीतच होते. क्रियापदाने ते दुसऱ्यांदा करण्याची निकड उरली नव्हती. याच न्यायाने तृतीय पुरुषी ‘स’चीही निकड नव्हती, तो टिकला तो गरजेमुळे नव्हे, तर ज्या वेळी छापखाने, शाळा आणि व्याकरणे यांनी भाषा बांधून टाकली, त्या वेळी तो तेथे हजर होता म्हणून.

आता द्वितीय पुरुषाकडे वळू. इंग्रजीत ‘तू’ या अर्थी ‘दाउ’ आणि ‘तुम्ही’ या अर्थी ‘यू’ अशी दोन सर्वनामे होती, आणि ‘दाउ’बरोबर क्रियापदास ‘-एस्ट’ हा स्वतंत्र प्रत्यय लागे. फ्रेंचांच्या अनुकरणाने थोरामोठ्यांस एकट्यासही ‘यू’ म्हणण्याचा प्रघात पडला. हा आदरार्थी बहुवचनाचा प्रकार मराठी वाचकास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ‘गुरुजी आले’ असे म्हणताना आपण गुरुजींची संख्या वाढवीत नाही, मान वाढवितो. हा लेख लिहिणारेही एकटेच असून ‘आम्ही’ म्हणत आहेत, हे वाचकांनी एव्हाना पाहिलेच असेल. परंतु मराठीत मान देणारे ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ वाढले तरी आईस, देवास व जिवलगास हाक मारणारा ‘तू’ शाबूत राहिला. इंग्रजीत आदराची ही लाट इतकी पसरली, की सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘दाउ’ नेहमीच्या व्यवहारातून नाहीसाच झाला. त्याच्याबरोबर त्याचा प्रत्ययही गेला. आज ‘यू आर’ असे एका माणसास म्हणताना इंग्रज त्यास नकळत बहुवचनाचा मान देत असतो.

या घडामोडीत व्याकरणापायी मार खाल्लेली माणसेही आहेत. जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) याने स्थापिलेल्या क्वेकर पंथाची अशी श्रद्धा होती, की देवापुढे सर्व माणसे सारखी, तेव्हा एका माणसास अनेकवचनाने संबोधणे ही खुशामत आणि असत्य होय. न्यायाधीश असो वा सरदार असो, त्यास ते ‘दाउ’च म्हणत, आणि त्याबद्दल शिव्याशाप व मारहाण सोशीत. १६६० मध्ये फॉक्स व त्याच्या सहकाऱ्यांनी तर एकवचन व अनेकवचन यांचा भेद पढिक मंडळींस शिकविण्यासाठी एक मोठे पुस्तकच प्रसिद्ध केले, आणि त्यात अनेक भाषांतील दाखले दिले. व्याकरण त्यांच्या बाजूस होते. परंतु चाल त्यांच्या विरुद्ध होती, आणि चाल जिंकली. पुढल्या शतकात आणखी एक गंमत झाली. ‘यू’ हे एकट्यास लागू लागल्यावर पुष्कळ सुशिक्षित इंग्रज ‘यू वॉज’ असे म्हणू व लिहू लागले. एकासाठी ‘वॉज’, अनेकांसाठी ‘वेअर’. विचाराने पाहता ही व्यवस्था सोयीचीच होती. परंतु पुढे लंडनचा बिशप झालेला रॉबर्ट लाउथ याने १७६२ च्या आपल्या व्याकरणात ती अशुद्ध ठरविली, आणि ‘यू वॉज’ हे पाहता पाहता अडाण्यांचे लक्षण बनले. लाउथने आपल्या तळटीपांत मोठमोठ्या ग्रंथकारांच्या ‘चुका’ वेचून दाखविल्या आहेत. ज्यांच्या लेखनावरून भाषेचे नियम बसवावयाचे, त्यांनाच नियमाने अपराधी ठरवावयाचे, ही रीत तेव्हापासून शाळांत रूढ झाली.

कालांच्या बाबतीतही असेच घडले आहे. मूळचे दोनच काळ असलेल्या भाषेने जुने प्रत्यय गमावले खरे. पण त्यांच्या जागी साहाय्यक क्रियापदांची एक नवी इमारत उभी केली. ‘माझ्याजवळ धरलेला मासा आहे’ अशा अर्थाच्या वाक्यातून ‘हॅव’चा पूर्णकाळ निघाला, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की आरंभी त्यातील धातुसाधित विशेषण पुष्कळदा कर्माशी लिंगवचनाने जुळत असे, आपल्या ‘मी मासा धरला, मासळी धरली’ या प्रयोगासारखेच. ‘विल’चा मूळ अर्थ इच्छिणे आणि ‘शॅल’चा देणे लागणे, इच्छा आणि ऋण यांच्यातून भविष्यकाळ घडला. उत्तम पुरुषास ‘शॅल’ आणि इतरांस ‘विल’ हा जो नियम आपल्या वडीलमंडळींनी छड्या खाऊन पाठ केला, तो प्रथम मांडिला जॉन वॉलिस या गणितज्ञाने, १६५३ मध्ये, आणि तोही लॅटिन भाषेत लिहिलेल्या ग्रंथात. स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिका येथील लोकांनी तो फारसा कधी मानला नाही. आता इंग्लंडातही तो बहुतेक मावळला आहे. ‘घर बांधले जात आहे’ या अर्थी ‘द हाउस इज बीइंग बिल्ट’ ही रचना तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील. त्यापूर्वी ‘द हाउस इज बिल्डिंग’ एवढेच म्हणत. एकोणिसाव्या शतकातील कित्येक विद्वानांनी या नव्या रचनेस कुरूप व असंस्कृत म्हणून झोडपले. आज तिच्यावाचून आपले वर्तमानपत्र एक दिवसही निघणार नाही.

या चालत्या भाषेस व्याकरणकारांनी जो साचा लाविला, तो लॅटिनचा होता. विल्यम बुलोकर याचे १५८६ चे पहिले इंग्रजी व्याकरण शाळांत चालणाऱ्या लिलीच्या लॅटिन व्याकरणावरून बेतलेले होते. १७९५ मध्ये लिंडली मरे या यॉर्कनिवासी अमेरिकन क्वेकराने तेथील मुलींच्या शाळेसाठी एक व्याकरण लिहिले, आणि पुढे अर्धशतकभर इंग्रजी जगात त्यासारखे दुसरे पाठ्यपुस्तक झाले नाही. लॅटिनात सहा काळ, म्हणून मरेच्या इंग्रजीतही सहाच काळ. आपल्याकडील शालेय पुस्तकांत तीन काळ गुणिले चार प्रकार मिळून बारा काळांचा तक्ता असतो. वॉलिसने दोनच काळ मोजले होते. ऑटो येस्पर्सनसारख्या आधुनिक पंडिताने इंग्रजीस खरा भविष्यकाळच नाही असे प्रतिपादिले. आणि सांप्रतचे भाषाशास्त्रज्ञ बहुधा पुन्हा दोनावरच आले आहेत. भाषा तीच, तक्ते निराळे. विद्यार्थ्याने तक्ता पाठ करावा, त्यास आमची हरकत नाही. परंतु तक्ता हा भाषेचा नकाशा आहे, भूमी नव्हे, एवढे त्यास सांगून ठेवावे.

कर्ता व क्रियापद यांचा मेळ हा केवळ शब्दांचा मेळ नसतो, त्यात अर्थही डोकावतो, याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेचे आहे. ‘युनायटेड स्टेट्स’ हे नाम रूपाने अनेकवचनी. १७८७ मध्ये तयार झालेल्या त्या राष्ट्राच्या राज्यघटनेत देशद्रोहाच्या कलमात त्यास अनेकवचनी सर्वनाम लाविले आहे. गुलामगिरी नष्ट करणाऱ्या १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीतही अनेकवचनच आहे. आज मात्र ‘युनायटेड स्टेट्स इज’ असेच कोणीही म्हणतो. यादवी युद्धाने ‘आर’चे ‘इज’ केले, असे लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. बारकाईने पाहणाऱ्यांस मात्र हा पालट एका युद्धाने न होता शतकाच्या अखेरपर्यंत सावकाश झालेला आढळला. ते कसेही असो. अनेक राज्यांचा समूह हे एक राष्ट्र आहे, ही भावना जसजशी दृढ झाली, तसतसे क्रियापद एकवचनी झाले. येथे व्याकरणाने अर्थास वाट करून दिली.

आता आपल्या घरचे पाहू. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा इंग्रजी विद्येचा नवा संस्कार मुंबईत सुरू झाला होता. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. या दोन ग्रंथांच्या दरम्यान मराठी वैयाकरणांस ज्या प्रश्नाने सर्वांत अधिक झुंजविले, तो ‘प्रयोगां’चा, म्हणजे क्रियापद कोणाच्या तंत्राने चालते याचाच होय. ‘राम पोळी खातो’ येथे क्रियापद रामाकडे पाहते. ‘रामाने पोळी खाल्ली’ येथे ते पोळीकडे वळते. आणि ‘रामाने मुलीला मारले’ येथे ते कोणाकडेच पाहत नाही. संस्कृतातील भूतकाळाची तीन तिङन्त रूपे प्राकृतात मागे पडली, ‘-त’ प्रत्ययान्त धातुसाधिताने त्यांची जागा घेतली, त्यातून आपली ‘ल’कारयुक्त रूपे निघाली. संस्कृतात ‘गच्छति’ म्हटल्याने जाणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. मराठीत धातुसाधितामुळे ‘जातो’ आणि ‘जाते’ असा लिंगभेद क्रियापदात उतरला. एकाच कुळातील दोन भाषा; एकीने मेळाचा पसारा टाकून दिला, दुसरीने तो वाढविला. दोहींतून विचार तितकाच स्पष्ट व्यक्त होतो. ज्या मुलाच्या मातृभाषेत क्रियापद असे जागोजाग नातेसंबंध पाळीत असते, त्यास इंग्रजीतील ते एकुलते एक नाते विसरावयास होते, यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. तो बोलताना अर्थाकडे पाहत असतो, आणि त्या ‘स’मध्ये अर्थ असा काही उरलेलाच नाही.

यावर कोणी म्हणेल, की मग नियम सोडून द्यावा काय? मुळीच नाही. परीक्षेत, अर्जात, सभेत जी भाषा रूढ आहे, ती तशीच लिहिली व बोलली पाहिजे. ‘ही गोज’ येथे ‘स’ हवाच. परंतु पंगतीत बसताना जसे आपण पंगतीचे रिवाज पाळतो, आणि ते न पाळणाऱ्यास अशिष्ट म्हटले तरी मूर्ख म्हणत नाही, तसे या नियमाचे स्थान आहे. तो शिष्टाचार आहे. त्यावरून बुद्धीचे वजन करू नये. आमच्या पाहण्यात असे अनेक विद्यार्थी आले, की ज्यांच्या मनात विचार भरपूर असून केवळ एखादा ‘स’ निसटेल या धास्तीने वर्गात त्यांनी तोंड उघडले नाही. भाषेच्या इतिहासाने ज्या प्रत्ययास योगायोगाने वाचविले, त्याच्या पायी एखाद्या तरुण मुलीचे वा मुलाचे बोलणेच बंद व्हावे, हा सौदा फार महागाचा होय.

आणि दुसरी गोष्ट आपल्या स्वभाषेविषयीची. लंडनच्या लोकांनी ज्या उत्तरेकडील ‘स’ला हसून घेतले, तोच दोनशे वर्षांत त्यांच्या नातवंडांच्या जिभेवर बसला. आपणही खेड्यातून आलेल्या मुलाच्या ‘न्हाई’ला आणि ‘व्हता’ला हसतो, आणि ‘पानी’ म्हणणाऱ्यास वर्गात उभे करतो. कोणते रूप उद्या शिष्टमान्य ठरेल, हे सांगण्याचा अधिकार आजच्या शिष्टांस कधीच मिळालेला नाही. चॉसरच्या वाचकांसही तो नव्हता, लाउथलाही नव्हता. इंग्रजीचे पालटणे अजूनही चालूच आहे. एका व्यक्तीस उद्देशून ‘दे’ म्हणण्याचा चौदाव्या शतकापासूनचा प्रघात आता नव्या अर्थाने पुढे येत आहे, आणि एकट्या माणसास ‘दे आर’ म्हणावे काय, यावर पुन्हा तसेच वाद झडत आहेत, जसे एके काळी ‘यू’वरून झडले. व्याकरण शिकविणाऱ्यांनी नियम अवश्य शिकवावा, चूक अवश्य दुरुस्त करावी. परंतु दुरुस्त करताना लाल शाईबरोबर थोडा इतिहासही मुलांच्या पदरी घालावा. नियमाचे कुळ ठाऊक असले म्हणजे तो पाळणे सोपे जाते, आणि जो तो पाळीत नाही त्यास हसू येण्यापूर्वी माणूस क्षणभर थांबतो.